एनेसीबद्दल जे लिहिलं

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

काल लिहिलं ते चूक आहे. 'एनेसीबद्दल खरं काय ते मला दोन महिन्यांनी कळलं' असं लिहिलंय. दोन महिने नाही. नऊ दिवस.

आज आफ्रिकेतली, मलावीची जुनी वही काढून तारखा ताडून पाहिल्या. पोचले तो दिवस, पत्र ईमेलने पाठवलं तो दिवस, आणि कळलं तो — नववा, शुक्रवार. पत्र इथे विक्रोळीत मंडळीसमोर वाचलं गेलं रविवारी. म्हणजे मध्ये दोन दिवस होते. पाळकसाहेबांना एक फोन केला असता तर ते वाचलंच गेलं नसतं. केला नाही.

दोन महिने म्हटलं की जरा निरागस वाटतं. म्हणून तसं लिहिलं गेलं असणार.

खोडत नाही. पप्पांची शिस्त. दम्यामुळे मी तिसरीपर्यंत शाळेत गेलेच नाही. मम्मीने अक्षरं शिकवली, वाचन बायबलवरून, आणि पप्पा कारखान्यातून आले की दहा ओळी लिहून दाखवायच्या — आज काय पाहिलं. पप्पा इन्स्पेक्शनला होते, दिवसभर गेज लावून माल पास-नापास करायचे. माझ्या ओळींनाही तसंच! 'हे पाहिलंस की ऐकलंस?' चुकलं तर खोडायला बंदी. दुसऱ्या दिवशी खाली तारीख घालून बरोबर लिहायचं. तर हे खाली लिहिलं.

बुधवार, ७ जानेवारी

सगळं एकदा नीट लिहून काढते. मिशनचा फॉर्म आलाय म्हणून. आता तीन वर्षं, पुन्हा तेच गाव, तोच तलाव. आपली पंचकमिटी मार्चमध्ये बसेल आणि मंडळी मला पुन्हा पाठवणार की नाही ते ठरवेल. मला जायचंय. इतकं जायचंय की नोव्हेंबरात परत आल्यापासून बॅग पूर्ण रिकामी केलेली नाही. मम्मी रोज विचारते, मी रोज 'उद्या' म्हणते.

फॉर्ममधला चौथा प्रश्न : तुमच्या सेवेतून प्रभूकडे आलेल्या एका व्यक्तीविषयी लिहा. सगळे धरूनच चाललेत की मी एनेसीबद्दल लिहिणार.

तर झालं ते असं. गावात पोचून तिसरा दिवस. घराबाहेर आंब्याखाली खुर्ची टाकून मी शिष्यत्वाचे धडे पाठ करत बसले होते. एक बाई आली. पन्नाशीची, कंबरेला छापील कापड गुंडाळलेलं, हातात झाकलेली परात. परात खाली ठेवली आणि माझ्यासमोर दोन्ही गुडघे टेकले. मान खाली. हलकेच दोन टाळ्या वाजवल्या आणि काहीतरी पुटपुटली.

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं — पवित्र आत्मा काम करायला लागला की माणूस तुमचे शब्द संपायची वाट बघत नाही. माझ्या अंगावर काटा आला. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पापकबुलीची अख्खी प्रार्थना म्हटली. इंग्रजीत. डोळे मिटून, रडत. शेवटी तिने खणखणीत 'आमेन' म्हटलं! टीममधल्या एकाने फोटो काढला. मी पत्र लिहिलं — 'पहिल्याच आठवड्यात एनेसी नावाची एक बाई गुडघे टेकून प्रभूला शरण आली.'

तिकडे बायका गुडघे टेकूनच नमस्कार करतात. पाहुण्याला, वडीलधाऱ्यांना, कुणाला काही खायला देताना. एवढंच होतं ते. मी तेवीस वर्षांची, ती बावन्न — आणि मी पाहुणी म्हणून ती टेकली.

नवव्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये बायकांची प्रार्थना होती. पांढरे ब्लाउज, काळे स्कर्ट, डोक्याला पांढरे रुमाल. एनेसी दारातून आत आली आणि सगळ्या उठून उभ्या राहिल्या. दोन तास तिने प्रार्थना चालवली. मी शेजारणीला विचारलं, या कोण? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आमच्या वडिलांची बायको — मंडळीचे वडील होते ते, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे पंच, वारले. सव्वीस वर्षं रविवारची शाळा हीच घेते. मलाही हिनेच शिकवलं.

त्या दिवशी फोनला रेंज नव्हती असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आले. रेंज होती. त्याच संध्याकाळी मम्मीशी वीस मिनिटं बोलले.

रविवारी पत्र वाचलं गेलं. मम्मीचा फोन — 'अख्खी मंडळी रडली गं!' आणि मंडळीतल्या वनमाला आत्या बाकावरून उठून म्हणाल्या की ही बाई माझ्याकडे द्या, विश्वासात पक्की होईपर्यंत दर शुक्रवारी मी तिच्यासाठी उपास करीन.

शुक्रवार, ९ जानेवारी

आज आत्यांचा उपास. शंभरावर शुक्रवार झाले.

रविवार, ११ जानेवारी

उपासनेनंतर दर्शना ओढून वर्सोव्याला घेऊन गेली. तिच्या आईला सुके बोंबील हवे होते आणि ते वर्सोव्याचेच हवे होते. दर्शना आमच्याच मजल्यावरची, समोरच्या दारातली. मी शाळेत जात नव्हते तेव्हा तीच शाळेतून येऊन मला दिवसभराचं सगळं सांगायची, बाईंच्या नकला करून.

कोळीवाड्याच्या आत वळलो आणि मी थांबलेच. वास! बांबूच्या दांड्यांवर बोंबील टांगलेले, खाली जाळीवर सुकट पसरलेली. तिकडे तलावाच्या काठाने असेच बांबूचे मांडव असायचे, त्यांवर बोटाएवढी चांदीसारखी मासळी. एनेसी तेच विकायची. उन्हं चढली की मासे उलटायचे, हाताने, भराभर. मला शिकवलं होतं. माझ्या हातांना दोन वर्षं तोच वास होता. साबणाने जायचा नाही. आणि आता गेला तर मी इथे उभं राहून श्वास ओढतेय. एक मावशी म्हणाली, 'घेनार हाय का नुसती हुंगनार?'

दर्शना हसली. मग माझं तोंड बघून मला बाजूला घेऊन गेली. जेट्टीवर बसून तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी.

'थांब थांब,' ती म्हणाली. 'म्हणजे जी बाई आधीच ख्रिश्चन होती, तिला तू जाऊन ख्रिश्चन केलंस?'

'हो.'

'विमानाचं तिकीट काढून?'

'दर्शना!'

'सॉरी यार. पण भारी आहे हे. आमच्या विहारात कोणी असं केलं असतं ना, तर भीमराजकाकांनी त्याला दर पौर्णिमेला सगळ्यांसमोर ऐकवलं असतं. आयुष्यभर.' मग हसू आवरून — 'तुला नक्की भीती कशाची वाटते? देवाची की न पाठवण्याची?'

तिला म्हटलं, चल, बोंबील राहतील. न पाठवण्याची. हे खरं उत्तर आहे म्हणून इथे लिहून ठेवते.

बुधवार, १४ जानेवारी

महिला संघाची प्रार्थना. पाळीपाळीने यादी वाचली. आजारी, परीक्षावाले, नोकरीवाले, 'आपली मलावीची लेक एनेसी'. मी मान खाली घालून आमेन म्हटलं.

घरी येऊन वही उघडली. मग तिकडच्या पहाटा आठवत बसले.

एनेसी तलावावर जायच्या आधी माझं दार वाजवायची. अजून उजाडलेलं नसायचं, पण कोंबडे सुरू झालेले. आम्ही चालत निघायचो आणि ती चालता चालता प्रार्थना करायची, मोठ्याने, डोळे उघडे ठेवून. या घराचं छप्पर गळतंय, बघ रे प्रभू. इथली सून बोलत नाही सासूशी, दोघींना सुबुद्धी दे. हा माणूस पितो, पण मनाने चांगला आहे, तुला माहीतच आहे. ज्याच्या घरावरून जातोय त्याच्यासाठी. आतून कधी कधी कुणी 'आमेन' ओरडायचं! एकदा एका आजोबांनी आतून सांगितलं की गुडघ्याचं राहिलं. आम्ही चार पावलं मागे जाऊन गुडघ्याची प्रार्थना केली.

मी पहिल्या दिवशी माझी छोटी वही आणली होती, नावांची यादी लिहिलेली. तिने विचारलं, हे काय? सांगितलं. म्हणाली, वहीत बघशील तर खड्ड्यात पडशील. आणि पडलेच. हसून हसून तिने मला उठवलं.

माझ्या शिष्यत्वाच्या वर्गाचे सोळा धडे होते. ती पाच धड्यांना पुढच्या रांगेत येऊन बसली, मन लावून, माझी इज्जत राखायला. सहाव्याला मीच पुस्तक मिटलं आणि तिला म्हटलं, तुम्ही शिकवा. त्यानंतर वर्गाला बायका वाढल्या. रिपोर्टमध्ये मी लिहिलं — 'शिष्यत्व वर्गात उपस्थिती वाढली.' ते खोटं नाही. पण कोणामुळे ते लिहिलं नाही.

सुवार्ता सांगायला मला नेहमी भीती वाटायची. कुणाच्या अंगणात जाऊन काय बोलायचं? तिला वाटायची नाही. ती मासे विकताना सांगायची. कुणाचं मूल दगावलं तर आधी जाऊन चूल पेटवायची, पाणी भरायची, दिवसभर तिथेच बसायची. बोलायची तिसऱ्या दिवशी, तेही त्यांनी विचारलं तर. मी पाहुण्यासारखी तिच्या मागे मागे. एवढं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

तिच्यासाठी इथे बायका प्रार्थना करतात. पक्की होऊ दे म्हणून.

शुक्रवार, १६ जानेवारी

आत्यांना सांगितलं. दिवस चुकला माझा. उपासाच्याच दिवशी गेले, दुपारी, त्यांच्या पोटात सकाळपासून फक्त पाणी. कन्नमवार नगरात पहिल्या मजल्यावर एकट्याच राहतात. चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या, अजून माणसाचं मनगट हातात आलं की नाडी बघतात. माझीही बघितली. 'पळतीय. काय केलंस?'

सांगितलं. सगळं, नऊ दिवसांसकट. आत्यांनी माझं मनगट सोडलं. मग उठल्या, पंखा बंद केला, पुन्हा चालू केला.

'ऑपरेशन झालं माझं, त्या शुक्रवारी डॉक्टर म्हणाला खा. नाही खाल्लं. भांडले त्याच्याशी.'

'माफ करा आत्या.'

'पुतण्याच्या लग्नात जेवले नाही. नगरला. पंगतीत नुसती बसून राहिले, लोक विचारायचे साखर आहे का म्हणून.'

मी रडायला लागले. त्यांनी ओरडून सांगितलं, 'रडू नको! रडलीस तर मला तुला पाणी द्यावं लागंल आणि मला आत्ता उठायचं नाही.'

मग म्हणाल्या, 'माझं जाऊ दे. उपास देवाला केला होता, तो काय वाया गेला नाही. पण तू माझ्याकडं काय माफी मागतीस पोरी? ती बाई वडिलाची बायको. सव्वीस वर्षं लेकरं शिकवली तिनं. आणि आपल्या चर्चच्या दाराशी बोर्डावर तिचा फोटो लागलाय, पाप्याचा म्हणून. तिला माहितीय?'

नाही.

दोन वर्षं मी या गोष्टीला घाबरतेय. पाळकसाहेब काय म्हणतील, पप्पा काय म्हणतील, मला पाठवतील का. पण हे — की आम्ही तिच्याबद्दल काहीतरी बोललो आणि तिला पत्ताच नाही — हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. एकदाही.

रविवार, १८ जानेवारी

बोर्डासमोर उभी राहिले. फोटोखाली मोठ्या अक्षरांत — 'अंधारातून प्रकाशाकडे'. ते मी सुचवलेलं नाही. पण मी काढायलाही लावलं नाही.

मंगळवार, २० जानेवारी

एनेसीशी बोलले. तिच्या मुलीच्या फोनवर. इथे दुपारचा एक, तिथे साडेनऊ. मासे पसरून झालेले. आमचं बोलणं थोडं त्यांच्या भाषेत, थोडं इंग्रजीत. मागे कोंबड्या.

'म्वाना वांगा!' — माझ्या लेकरा. नेहमीसारखं. जेवलीस का, आई कशी आहे, दमा कसा आहे. मी घाईघाईने सांगून टाकलं, नाहीतर राहिलं असतं.

ती म्हणाली, 'थांब. त्या दिवशी मी रताळी आणली होती ना?'

'हो.'

'मला वाटलं तू रताळ्यांबद्दल देवाचे आभार मानतेयस!' आणि हसायला लागली. 'इतके लांब आभार! आणि वर रडत! घरी येऊन मी सांगितलं, इंडियात जेवणाआधी एवढी प्रार्थना असते, म्हणून ती पोरगी इतकी बारीक. ताट गार होत असणार रोज.' हसता हसता तिला ठसका लागला. मुलीने फोन घेतला, मुलीला सांगितलं, मुलगीही हसली. मीही हसले. वाटलं, संपलं.

मग तिने विचारलं, 'फोटो कुठे आहे?'

'आमच्या चर्चच्या दाराशी.'

'खाली काय लिहिलंय?'

सांगितलं. कोंबड्याच ऐकू येत राहिल्या. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा बघितलं.

'माझा नवरा वडील होता, किरण. तीस वर्षं त्याने माझ्या घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चालवली. तो आता स्वतः सांगायला येऊ शकत नाही. त्याचं घर म्हणजे अंधार होता का?'

'नाही,' मी म्हटलं.

'फोटो राहू दे. चांगली येते मी फोटोत. खालचं बदल. आणि पत्र जसं सगळ्यांसमोर वाचलं ना, तसं हेही सगळ्यांसमोर सांग. कागदावर लिहून कुणाकडे देऊ नकोस. मी तिथे असते तर स्वतः उभी राहिले असते. मी नाही म्हणून तू राहा.'

मग म्हणाली चल, प्रार्थना करू. माझ्यासाठी केली, मम्मी-पप्पांसाठी, आत्यांच्या तब्येतीसाठी. उपास करणाऱ्या बाईचं नाव तिने तीनदा विचारून नीट म्हटलं. वनमाला.

शुक्रवार, २३ जानेवारी

आत्यांचा फोन. 'आज मटण केलंय. शुक्रवारी! ये जेवायला.' गेले. एनेसीने प्रार्थनेत त्यांचं नाव घेतल्याचं सांगितलं. आत्या म्हणाल्या, माझं नाव घेतलं तिने? पुन्हा सांग कसं घेतलं. मी एनेसीसारखं म्हणून दाखवलं. दोनदा म्हणायला लावलं. मग वाढताना म्हणाल्या, 'राग गेला नाही अजून माझा. रस्सा घे.'

रविवार, २५ जानेवारी

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, मला मंडळीसमोर साक्ष द्यायची आहे. कसली ते पुढच्या वाक्यावर ढकललं. ते खूश झाले. 'अगं, मी वाटच बघत होतो! एनेसीबाईंबद्दल ना?' मी म्हटलं, हो. हे तर खरंच आहे. तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

रस्ताभर डोक्यात एकच. मार्चची मीटिंग होऊ दे, मग सांगू. किंवा गेल्यावर तिथून. एनेसीच्या शेजारी उभं राहून व्हिडिओ करून पाठवू. किती सुंदर होईल! — असं पण मनात आलं. हे सगळं मनात आलं म्हणून लिहिलंय. चौथा प्रश्न अजून कोरा आहे.

मंगळवार, २७ जानेवारी

मम्मी-पप्पांना सांगितलं, संध्याकाळच्या प्रार्थनेआधी. मम्मी म्हणाली, आता पाठवणार नाहीत गं तुला. तिने बॅगेकडे बघितलं. पप्पा उठले, माझ्या पत्रांची फाइल काढली, पहिलं पत्र उभ्यानेच वाचलं. पुन्हा ठेवून दिलं. प्रार्थनेतलं बायबलवाचन नेहमी मी करते. आज त्यांनी केलं.

शुक्रवार, ३० जानेवारी

सकाळी पाळकसाहेबांचा फोन. 'तू साक्षीचं बोललीस ना, मी कमिटीला सांगितलं. सगळे म्हणाले, मार्चपर्यंत थांबायचं कशाला? काल रात्रीच बसलो. एकमताने! तीन वर्षं. रविवारी प्रभुभोजनाच्या आधी जाहीर करतो, मग पाठवणीची प्रार्थना, आणि मग तुझी साक्ष. मोठं पोस्टर करायला दिलंय, तोच फोटो.'

मला पाठवताहेत. हवं होतं ते सगळं मिळालं.

साक्ष शेवटी ठेवलीय. तेवढं थांबणार नाही. रविवार, १ फेब्रुवारी, साडेनऊची उपासना. त्यांनी जाहीर करण्याआधी मी उभी राहणार.